मृत्यूवरची लघुकथा लिहिताना: वातावरण, प्रतिमा आणि चेतनगुणोक्ती

मृत्यूवरची पहिली लघुकथा बहुधा एकाच जागी फसते. घरातले कोणी जाते आणि त्याच क्षणी लेखक देवापुढचा दिवा विझवतो, माळावर टिटवी ओरडवतो, भिंतीवरचे घड्याळ बंद पाडतो, बाहेर पाऊस सुरू करतो आणि शेवटी 'सारे गाव शोकसागरात बुडाले' असे लिहून मोकळा होतो. यातले काहीही अशक्य नाही. अडचण एवढीच, की यातले काहीही गेलेल्या माणसाचे नाही. हीच वाक्ये कोल्हापूरच्या पैलवानाला, दादरच्या शिक्षिकेला आणि आर्वीकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्याला सारखीच लावता येतात, म्हणून ती वाचकाला कोणाच्याच घरात नेत नाहीत.

विदर्भाच्या खेड्यातली कथा लिहू पाहणाऱ्या, पण कथालेखनाची फारशी सवय नसलेल्या लेखकासाठी हे मार्गदर्शन आहे. वातावरण, प्रतिमा आणि चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू किंवा कल्पना सजीवासारखी वागते असे दाखवणारा अलंकार, या तीन गोष्टी कोणत्या क्रमाने हाताळाव्यात ते येथे सांगितले आहे. क्रमाला महत्त्व आहे. नवा लेखक बहुतेक वेळा अलंकारापासून सुरुवात करतो आणि मग त्याला शोभेल असे घर शोधत बसतो. माझ्या मते मृत्यूच्या कथेतला भार त्या घरात न थांबलेल्या कामाने आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंनी उचलावा. अलंकार सगळ्यांत शेवटी यावा आणि सगळ्यांत कमी यावा.

पायरी पहिली: मरण कोणाचे आणि पाहणारे डोळे कोणाचे

लेखणी हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहाव्यात: कोण जाणार आहे, आणि त्याचे जाणे कोण पाहणार आहे. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, कारण प्रतिमा पाहणाऱ्याच्या नजरेतून येतात आणि नजर ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे बदलते. एका कापूस पिकवणाऱ्या गावातला म्हातारा गेला असे समजू. नातवाच्या नजरेला आजोबांच्या पायांचे बांधलेले अंगठे दिसतील आणि ते का बांधले हे त्याला कळणार नाही. सालदाराच्या मनात, गुढीपाडव्यापर्यंतचे आपले साल आता कोण पुरे करून घेणार, हा प्रश्न आधी येईल, आणि तो आल्याबद्दल त्याला स्वतःचीच लाज वाटेल. सुनेला मात्र एकाच वेळी गुरांचे वैरण-पाणी, आलेल्यांचा चहा, नणंदेला करायचा फोन आणि सकाळी वेचणीला येणाऱ्या बाया हे सगळे दिसेल. या लेखात उदाहरणासाठी मी सुनेचीच नजर धरली आहे, कारण मरणाच्या दिवशी घरात सर्वांत जास्त वस्तूंना हात लागतो तो तिचा.

सर्वज्ञ निवेदक नव्या लेखकाने शक्यतो टाळावा. त्याला सगळ्यांचे दुःख माहीत असते आणि ते सांगून टाकण्याचा मोह त्याला आवरत नाही.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. विदर्भातले खेडे आणि मृत्यू असे दोन शब्द एकत्र आले की पुष्कळांच्या मनात फक्त शेतकऱ्याची आत्महत्या उभी राहते. तो विषय खरा आहे आणि त्यावर लिहिले गेलेच पाहिजे, पण या भागात माणसे म्हातारपणाने जातात, सर्पदंशाने जातात, पेरणीच्या दिवसांत अंगावर वीज पडून जातात, बाळंतपणात जातात आणि जंगलालगत वाघाच्या हल्ल्यातही जातात. आत्महत्येवरच लिहायचे असेल, तर पद्धतीचे वर्णन करू नये, तो सुटकेचा मार्ग म्हणून रंगवू नये, आणि कथा मागे राहिलेल्यांच्या दिवसांकडे वळवावी. पहिल्याच कथेसाठी मी तरी हा विषय सुचवणार नाही.

पायरी दुसरी: वातावरण ठरवणे

'वातावरण दुःखी असावे' हे उत्तर पुरेसे नाही. मरणघरात दुःख असतेच. कथाकाराला त्याच्या आत असलेली दुसरी, नेमकी भावना हवी असते. ती घाई असू शकते, सुटका असू शकते, राग असू शकतो, संकोच असू शकतो. ही एक भावना निवडून ती स्वतःपुरती एका साध्या वाक्यात लिहून ठेवावी. आपल्या उदाहरणासाठी ते वाक्य असे: 'या घरात आज कामाचा विचार करायलाही लाज वाटते आहे, आणि काम तर समोर उभे आहे.' हे वाक्य कथेत कोठेही येणार नाही. मात्र प्रत्येक परिच्छेद लिहून झाल्यावर तो या वाक्याच्या बाजूचा आहे की नाही, हे त्यावरून तपासता येते.

भावना नावाने सांगू नये, हा काही आजचा शोध नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव शोक सांगितला आहे, पण तो रसिकापर्यंत पोहोचतो तो विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून. म्हणजे भाव जागवणारी माणसे व परिस्थिती, शरीरावर उमटणारे परिणाम आणि मधूनमधून येऊन जाणाऱ्या छटा यांतून. अकराव्या शतकातल्या मम्मटाने काव्यप्रकाशात रस किंवा स्थायीभाव त्याच्याच नावाने सांगून टाकणे हा दोष मानला. कथेच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे. 'ती शोकाकुल झाली' असे न लिहिता, चहाच्या भांड्यात तिने दुसऱ्यांदा साखर घातली, असे लिहावे.

विदर्भात वातावरणाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे ऋतू. येथे ऋतू पार्श्वभूमीला शांतपणे उभा राहत नाही, तो अंत्यविधीची वेळ, लाकडे, रस्ता आणि येणारी माणसे यांवर प्रत्यक्ष हुकूमत चालवतो. हाच म्हातारा तीन वेगवेगळ्या महिन्यांत गेला तर तीन वेगळ्या कथा होतात.

मे महिन्याच्या अखेरीस, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावर जे नऊ दिवस नवतपा म्हणून ओळखले जातात त्या दिवसांत, चंद्रपूर किंवा अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मृतदेह फार वेळ ठेवता येत नाही. लेक एसटीने निघाली आहे, तालुक्याहून बर्फाच्या लाद्या आणायला कोणी तरी गेले आहे, आणि ओसरीवरची जाणती माणसे मृताकडे पाहण्याऐवजी अंगणातली सावली किती सरकली ते पाहत आहेत. या कथेचे वातावरण घाईचे आहे. कोणालाही नीट रडायला वेळ मिळत नाही, आणि तेच वाचकाला लागते. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या मातीच्या रस्त्यात बंडी रुतते, नाल्याला पूर असतो, लाकडे ओली असतात, आणि स्मशानात शेड नसेल तर पाऊस उघडण्याची वाट पाहत माणसे तिरडीजवळ ताटकळतात. तेथे वातावरण लाचारीचे होते. डिसेंबरात मात्र निसर्ग आडवा येत नाही. सकाळी धुई असते, दिवस स्वच्छ असतो, पऱ्हाटीवर बोंडे फुटून कापूस लोंबत असतो, बाजूच्या गावाहून वेचणीच्या बायांची गाडी ठरल्याप्रमाणे दारात येते, आणि त्यांना काय सांगायचे हे घरात कोणीच ठरवलेले नसते. आपल्या वाक्यातले अवघडलेपण नेमके येथे मिळते, म्हणून आपण डिसेंबर घेतला.

नव्या लेखकासाठी हा चांगला सराव आहे: एकच मरण, एकच घर, तीन महिने, प्रत्येकी एकेक परिच्छेद. ज्या महिन्यात वाक्ये आपोआप वस्तूंकडे वळतात, तो महिना आपला.

वाक्याची लांबीही वातावरण घडवते. माणसे धावपळ करत असताना वाक्ये आखूड ठेवावीत. रात्री जागत बसलेल्या माणसांचे वर्णन करताना ती लांबू द्यावीत, एका वाक्यातून दुसऱ्या गोष्टीकडे जाऊ द्यावीत, कारण जागरणात मनही तसेच भरकटते.

पायरी तिसरी: प्रतिमा गोळा करणे आणि टाकून देणे

प्रतिमा सुचण्याची वाट पाहू नये. त्या गोळा कराव्यात. गेलेल्या माणसाच्या हाताला रोज लागणाऱ्या वस्तूंची यादी करावी: चुन्याची डबी, काठी, बाजेची सैल झालेली सुतळी, कानाशी धरायचा रेडिओ, बैलांच्या वेसणी, सातबाराची प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नक्कल, फवारणीच्या पंपाचा तुटलेला पट्टा. मग त्या यादीतून कोणत्याही म्हाताऱ्याच्या घरी सापडेल अशी प्रत्येक वस्तू खोडावी. काठी जाईल, चष्मा जाईल. उरतील त्या दोन-तीन गोष्टी कथेच्या.

आपल्या घरात उरतो तो कापूस. या भागात भाव वाढेल या आशेने कापूस घरातच साठवून ठेवण्याची रीत आहे. मधली खोली पार आढ्यापर्यंत भरते, झोपायला जागा राहत नाही, त्याच्या कणांनी आणि किड्यांनी लहान मुलांच्या अंगाला खाज सुटते, आणि त्या खोलीजवळ बोलले तर आवाज आत शोषला जाऊन बोदा येतो. आता दुसरी गोष्ट आठवावी: मृताच्या नाकात कापसाचे बोळे ठेवतात. कथाकाराने या दोन गोष्टी शोधून काढल्या नाहीत, त्या त्या घरात आधीपासून आहेत. त्याने फक्त त्यांना एकमेकींशेजारी येऊ द्यायचे आहे. तो प्रसंग असा लिहिता येईल:

'मधल्या खोलीचे दार उघडेना. कापूस आतून दाराला टेकून बसला होता. नणंदेने खांदा लावला तेव्हा हात जाईल एवढी फट झाली. सुनेने मूठभर कापूस ओढून काढला आणि अंगणाच्या उजेडात नेऊन त्यातला पाला वेचला, सरक्या सोडवल्या, दोन बोळे केले. चुलतसासऱ्यांनी ते हातात घेऊन पाहिले. "लहान झाले," ते म्हणाले. ती पुन्हा आत गेली. सरक्या तिच्या डाव्या मुठीत तशाच होत्या. त्या कोठे टाकाव्यात, हे तिला सुचत नव्हते.'

या परिच्छेदात दुःख, अश्रू, नियती, विरोधाभास यांपैकी एकही शब्द नाही. 'ज्याने आयुष्यभर कापूस पिकवला, त्याच्याच नाकात त्याचाच कापूस' असे वाक्य नवा लेखक येथे हमखास घालतो, आणि प्रतिमा तेथेच मरते. वाचकाला ते दिसले आहे. त्याला ते पुन्हा सांगणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे होय.

मात्र ही प्रतिमा अशी एकदम आणून चालत नाही. तिची आधी पेरणी करावी लागते. कथेच्या सुरुवातीला कापूस फक्त अडचण म्हणून यावा: मुलाला तो आजच विकायचा आहे, म्हातारा थांब म्हणतो, सुनेला ती खोली रिकामी हवी आहे, लेकरू खाजवत झोपते आहे. पुढे तो पैसा म्हणून यावा: दवाखान्यात न्यायचे म्हटले तर हातात रोकड नाही आणि घरात क्विंटलच्या क्विंटल पडला आहे. तिसऱ्यांदा तो बोळे होऊन येतो. दर वेळी त्याचा अर्थ बदलतो, वस्तू तीच राहते. लघुकथेत एवढा पल्ला गाठणारी एक प्रतिमा पुरे. दोन मुख्य प्रतिमा असतील तर त्या एकमेकींचे बळ खातात.

पावसाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण मृत्यूच्या कथेत तो नको तितका येतो. आभाळही रडले, ही कल्पना शहरातल्या खिडकीतून पाहणाऱ्याची आहे. डिसेंबरात बोंडे फुटलेली असताना पाऊस आला तर वेचायचा कापूस भिजतो, पिवळा पडतो आणि त्याचा भाव पडतो. गावातल्या माणसाच्या मनात हा अर्थ आधी उमटतो. तिरडी निघण्याच्या वेळी चार थेंब आले आणि जमलेल्यांपैकी प्रत्येक जण क्षणभर आपापल्या वावराकडे पाहू लागला, असे लिहिले तर तो पाऊस खरा. शेताशी जोडलेली कोणतीही प्रतिमा वापरताना तिचा पीकपाण्याचा अर्थ काय, हे आधी पाहावे, मग तिला दुसरा अर्थ द्यावा.

प्रदेशाचाही विचार हवा. विदर्भ म्हणजे सगळीकडे कापूस नाही. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या बाजूला कापूस, तूर, सोयाबीन. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे मात्र धानाच्या बांध्या, जुन्या जमीनदारांच्या काळातले माजी मालगुजारी तलाव आणि उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जाणारी माणसे. गोंदियाच्या कथेत कापसाची खोली आली, तर तिथला वाचक पुस्तक बाजूला ठेवील. तेथे मोहाच्या झाडाखाली सकाळी न वेचलेली, उन्हात सुकून तपकिरी झालेली फुले पुरेशी आहेत, कारण ती कोणी वेचायची हे गावाला माहीत असते.

नजरेखेरीज इतर इंद्रियांकडे नवे लेखक फारसे जात नाहीत. मरणघराचा एक वास असतो: उदबत्ती, गोवरीचा धूर, ओल्या सड्याची माती आणि कोणीच न खाल्लेल्या भाकरी. त्यातला एकच निवडावा.

पायरी चौथी: चेतनगुणोक्ती

आता अलंकाराकडे वळू. ग्रामीण बोलण्यात निर्जीवाला सजीव मानण्याची सवय मुळातच आहे आणि लेखकाने तिथूनच सुरुवात करावी. घर खायला उठते, विहीर तळ दाखवते, पाऊस दगा देतो. विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे माणसासारखे आमंत्रण देतात. बैल निर्जीव नाही, हे खरे, पण पाहुण्याचा मान त्याला माणूसच देतो. ज्या घरात हे दर वर्षी घडते, तेथे सासरे गेल्यावर सुनेने गोठ्यात जाऊन 'ते आता येत नाहीत' असे बैलांना सांगणे लेखकाची करामत वाटत नाही. तो त्या घराचा रिवाजच वाटतो.

म्हणून पहिला नियम असा, की कथेत वस्तूला जीव पात्राने द्यावा, लेखकाने शक्यतो देऊ नये. दुसरा नियम, वस्तूला एकच क्रियापद द्यावे. वरच्या उताऱ्यात 'कापूस आतून दाराला टेकून बसला होता' एवढेच आहे. त्याला डोळे, हात, हुंदके काही दिलेले नाहीत. 'बसला' हे क्रियापद मराठीत वस्तूंसाठीही सहज येते, त्यामुळे वाचक ते सजीवत्व न अडखळता स्वीकारतो आणि आतून कोणी तरी दार धरून आहे, ही जाणीव मात्र मागे राहते.

दुसरे उदाहरण रात्रीचे घेऊ. शेतीच्या पंपांना वीज पुष्कळदा रात्रीच मिळते आणि लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावून ठेवतात.

'रात्री साडेबाराला लाईन आली आणि गावालगतच्या वावरातली मोटर सुरू झाली. तिला कोणी सांगितले नव्हते. ओसरीवर बसलेल्यांनी माना वर केल्या. हरभऱ्यात स्प्रिंकलर टक्‌टक्‌ करत फिरू लागला. दोन तासांनी पाईप बदलावे लागतील, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.'

येथे चेतनगुणोक्ती 'तिला कोणी सांगितले नव्हते' एवढीच आहे. मोटरीला माणसासारखे वागवले आहे, पण तिने काही केलेले नाही. तिला फक्त बातमी कळलेली नाही. याच जागी 'मोटर हुंदके देऊ लागली आणि स्प्रिंकलर अश्रू ढाळू लागला' असे लिहून पाहावे, म्हणजे अतिरेक कशाला म्हणतात ते कळेल. शोकाच्या प्रसंगी रडणारी वस्तू वाचकाला हसवण्याचा धोका असतो. न रडणारी, आपले काम करत राहणारी वस्तू अधिक खोल जाते, कारण तिला मृत्यू ठाऊक नाही आणि आपल्याला आहे.

मृत्यूलाच पात्र करण्याचा मोह मोठा असतो, आणि आपली परंपरा त्याला खतपाणीही घालते. रेड्यावर बसलेला, पाश घेतलेला यम सर्वांना माहीत आहे. पण तोच यम कठोपनिषदात नचिकेत्याचा गुरू होऊन बोलतो, आणि सावित्रीच्या कथेत तिच्या बोलण्यावर प्रसन्न होऊन वर देतो. महाभारतात याहून वेगळी एक कथा आहे. त्यात ब्रह्मदेवाने निर्माण केलेली मृत्यू ही स्त्री आहे, प्राणिमात्रांना मारण्याचे काम ती नाकारते, तप करते, रडते, आणि तिच्या अश्रूंचेच पुढे रोग होतात. आपले काम नको असलेला मृत्यू ही कल्पना किती जुनी आहे, हे यावरून लक्षात येईल. नव्या लेखकाने यमाचा पोशाख उचलण्यापेक्षा या कथांमधली ओढाताण उचलावी: मृत्यूला काही हवे असावे, किंवा काही नको असावे. ज्याला काहीच नको आणि ज्याची कशाला ना नाही, असा मृत्यू कथेत फक्त पुतळा म्हणून उभा राहतो.

खेड्यात मृत्यूला रूप द्यायचेच तर ते गावात खरोखर येणाऱ्या माणसाचे द्यावे. हंगामात खेडा खरेदीवाला व्यापारी काटा घेऊन दारात येतो, बाजारापेक्षा कमी भाव सांगतो, पण नगद देतो, आणि ज्या घराला आज पैशाची गरज आहे ते घर त्याला नाही म्हणू शकत नाही. म्हाताऱ्याच्या तापातल्या बरळण्यात असा कोणी तरी पुन्हा पुन्हा येऊन भाव विचारतो आणि म्हातारा 'अजून थांब' म्हणतो, एवढे पुरे. तो मृत्यू आहे, असे कथेने कधीही म्हणू नये. तो खरा व्यापारी असण्याची शक्यताही शेवटपर्यंत उघडी ठेवावी.

व्याकरणाचीही एक बाब आहे. मराठीत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत असल्याने मृत्यूला पात्र करताच 'आला', 'आली' किंवा 'आले' यांतला एक निर्णय घ्यावा लागतो. मृत्यू म्हटले की तो सहसा पुरुष होतो, मरण म्हटले की नपुंसकलिंगी. 'मरण ओसरीपर्यंत आले आणि थांबले' या वाक्यात चेहरा नाही. 'मृत्यू ओसरीपर्यंत आला' यात लगेच कोणी तरी उभा राहतो. चेहरा नको असेल तेथे 'मरण' वापरावे आणि एकदा ठरवले की कथाभर तेच पाळावे.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष मरणाचा क्षण

तो लहान ठेवावा. शेवटचा श्वास, थरथरते ओठ, अर्धवट राहिलेले वाक्य यांच्या वर्णनाने वाचक थकला आहे. बहुतेक घरांत मरण कोणी पाहिलेलेच नसते. कोणी तरी चहा घेऊन जाते तेव्हा कळते. कथेतही तो क्षण दोन वाक्यांच्या मध्ये, कोणाच्या तरी पाठीमागे घडू द्यावा.

पायरी सहावी: निवेदनाची भाषा आणि बोलण्याची भाषा

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत, ही रीत नव्या लेखकाला सोयीची आहे, पण संवादातली वऱ्हाडी नीट ऐकून लिहावी. 'मले', 'तुले', 'कायले', 'करून राह्यलो' एवढे शब्द शिंपडल्याने बोली होत नाही. तिची लय, तिची ठेवण आणि दुःखातही न सुटणारी तिची व्यवहारी धार महत्त्वाची आहे. 'चाय मांगतली होती बुढ्यानं, म्या म्हटलं थांबा जरासे,' असे सासू म्हणते, त्यात जेवढे आहे तेवढे पानभर विलापात येत नाही. आणखी एक भान ठेवावे: सून सासऱ्यांना 'मामाजी' म्हणत असेल तर मरणानंतरही निवेदनात ते तिच्यासाठी मामाजीच राहतात. गेल्याबरोबर त्यांचा 'मृतदेह' होतो तो पंचनाम्यात.

मरणासाठी गावात शब्द पुष्कळ आहेत: गेला, वारला, आटोपला, माती झाली. कोण बोलतो यावर कोणता शब्द येईल ते ठरते. बरोबरीचा म्हातारा 'आटोपला बुवा' म्हणेल, लेक तसे म्हणणार नाही. 'मातीला गेलो होतो' म्हणजे अंत्यविधीला गेलो होतो, हे बाहेरच्या वाचकाला संदर्भावरून कळते. तेथे स्पष्टीकरण देऊ नये.

पायरी सातवी: विधी किती घ्यावेत

दशक्रिया, पिंडाला कावळा शिवणे, तेरवी यांत तयार नाट्य असते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. कावळा शिवत नाही, मग कोणी तरी वचन देते, मग कावळा शिवतो, हा शेवट इतक्या कथांत आला आहे की वाचक पहिल्या ओळीलाच तो ओळखतो. विधीतली लहान बाजू घ्यावी. अनेक घरांत जेथे माणूस गेला त्या जागी दिवा ठेवतात, पीठ पसरून त्यावर टोपले पालथे घालतात आणि नंतर त्यात कोणाच्या पावलाचा ठसा उमटला ते पाहतात. मला यातला ठसा महत्त्वाचा वाटत नाही, सकाळी ते पीठ भरून ठेवताना सुनेने आधी डब्यात हात घातला की नाही, हे महत्त्वाचे वाटते. तेरवीच्या पंगतीचा खर्च कापूस विकून भागवायचा, आणि तो कोणत्या भावाने, यातही एक पूर्ण प्रसंग आहे. म्हाताऱ्याने ज्या भावाला नाही म्हटले, त्याच भावाने मुलगा माल देतो, पण तो आनंदाने देत नाही.

पायरी आठवी: दुरुस्ती

कथा निदान आठवडाभर बाजूला ठेवावी. मग तीन रंगांची पेने घेऊन एका रंगाने भावनांची नावे, दुसऱ्याने उपमा व चेतनगुणोक्ती, आणि तिसऱ्याने हाताला लागणाऱ्या वस्तू अधोरेखित कराव्यात. पहिला रंग जवळजवळ सगळा खोडून टाकावा. दुसरा प्रत्येक पानावर एक-दोन ठिकाणांहून जास्त दिसला तर जे जास्त आवडते तेच आधी काढून पाहावे. तिसरा रंग एखाद्या पानावर अजिबात नसेल, तर ते पान खोलीत न बसता फक्त विचार करत लिहिले गेले आहे, असे समजावे. त्यानंतर कथा मोठ्याने वाचावी. जेथे आवाज आपोआप जड होतो, तेथे लेखकाने शब्दांऐवजी गळ्यावर भरवसा टाकलेला असतो.

'करुण', 'भयाण', 'उदास', 'सुन्न' ही विशेषणे शोधून काढावीत. ती काढल्यावर वाक्य लंगडले तर दोष विशेषणाच्या अभावाचा नसतो. त्या वाक्यात पाहण्यासारखे काही नव्हते, हेच त्यावरून कळते. शीर्षकातूनही 'अखेर', 'निरोप', 'प्रवास' हे शब्द वगळावेत. आपल्या कथेला 'मधली खोली' पुरेल.

शेवटचे काम म्हणजे कथा त्याच भागातल्या, साहित्याशी फारसा संबंध नसलेल्या एखाद्या शेती करणाऱ्या माणसाला वाचून दाखवणे. कथा कशी वाटली, हे त्याला विचारू नये. त्याला विचारावे, की डिसेंबरात ही कितवी वेचणी असेल, एवढ्या खोलीत किती क्विंटल कापूस बसेल, त्या दिवसांत हरभऱ्याला पाणी द्यायचे असते का, मयत झालेल्या घरी वेचणीच्या बायांना परत पाठवतात की त्यांना दुसऱ्याच्या वावरात लावून देतात, आणि बोळे करायला घरचा कापूस घेतील की दुकानातून आणतील. तो जे चुकले म्हणेल ते कितीही आवडते असले तरी बदलावे, आणि बदल केल्यावर पहिल्या पानापासून पुन्हा वाचावे, कारण वेचणी एक महिना पुढे सरकली तर धुई, तूर, बायांची गाडी आणि रात्रीची लाईन हे सगळेच सरकते.